डोंगरउतारावरची माती आणि झाडांची मुळे : उतारावर जमीन असणाऱ्या लाभार्थ्यांसाठी माहिती

तुमची जमीन डोंगरउतारावर असेल, तुमच्या नावावर उतारावरचा वनहक्क पट्टा असेल किंवा गावात पाणलोटाचे काम सुरू होणार असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. पाणलोट विकास, रोजगार हमी, बांबू लागवड, फळबाग अशा अनेक योजनांतून उतारावर झाडे आणि गवत लावण्यासाठी मदत मिळते. रोपे मिळतात, मजुरी मिळते, खड्डे खणले जातात. पण कोणती वनस्पती कुठे लावावी आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे माहीत नसेल तर तीन पावसाळ्यांनंतर उतार पुन्हा उघडाच दिसतो.

थोडक्यात सांगायचे तर माती धरून ठेवण्याचे बहुतेक काम वरच्या एक-दीड मीटर थरातली मुळे करतात, आणि त्यातही बारीक मुळे. म्हणून उतारावर आधी गवत, मग झुडपे आणि मग झाडे हा क्रम धरावा. त्या थराच्या खालून डोंगर सरकत असेल तर कोणतीही लागवड त्याला थांबवू शकत नाही. तिथे करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, त्या लेखाच्या शेवटी दिल्या आहेत.

माती जाते ती दिसत का नाही?

एक हेक्टर जमिनीवरून मातीचा फक्त १ मिलिमीटर थर वाहून गेला, तर त्या मातीचे वजन साधारण १३ टन भरते. म्हणजे एक-दोन ट्रक माती गेली, तरी शेतात उभे राहिल्यावर जमीन तेवढीच दिसते. भारतात सरासरी हेक्टरी सुमारे १६ टन माती दरवर्षी जागेवरून हलते, असा अंदाज १९८३ मध्ये मृद्संधारण शास्त्रज्ञांनी मांडला होता. उघड्या डोंगरउतारावर हे प्रमाण सरासरीच्या कितीतरी पुढे जाते. आणि १ सेंटिमीटर नवी माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

सुरुवात पावसाच्या थेंबापासून होते. उघड्या जमिनीवर थेंब आपटला की मातीची ढेकळे फुटतात, बारीक कण उडतात आणि जमिनीची छिद्रे बुजतात. पाणी मुरायचे थांबते आणि उतारावरून धावू लागते. आधी सगळ्या अंगाने पातळ थर निघतो, मग बोटाएवढ्या सऱ्या पडतात, मग ओघळी. ओघळ गुडघाभर झाली की ती नुसत्या लागवडीने बुजत नाही, दगडी बांधाची जोड द्यावी लागते. त्यामुळे कामाची योग्य वेळ सऱ्या दिसू लागतात तेव्हाची असते.

मुळे नेमके काय करतात?

मुळे मातीला बांधतात असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात त्यांची कामे वेगवेगळी आहेत आणि ती वेगवेगळ्या प्रकारची मुळे करतात.

केसासारखी बारीक तंतुमुळे मातीच्या कणांभोवती जाळे विणतात. त्यांच्यातून चिकट रस झिरपतो, त्यावर जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि मातीचे टिकाऊ दाणे तयार होतात. अशी दाणेदार माती थेंबाच्या माऱ्याने लगेच फुटत नाही. गवताचे एक ठोंब उपटून झटकून पाहा, मुळांना चिकटलेली माती सहज सुटत नाही. उघड्या जागेची मूठभर माती मात्र बोटांतून गळून जाते.

जुनी मुळे मेली की त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. पावसाचे पाणी त्यांतून आत उतरते. उतारावर पाणी मुरणे म्हणजे खाली ओघळ कमी होणे आणि झरा जास्त महिने टिकणे. जिवंत मुळे मातीतले पाणी ओढून घेतात, त्यामुळे दोन सरींच्या मध्ये जमीन थोडी सुकते आणि पुढच्या पावसाला जागा मिळते.

जाड मुळांचे काम खुंटीसारखे असते. खालच्या मुरमात किंवा खडकाच्या भेगांत ती शिरली, तर वरचा मातीचा थर खालच्या थराला टाचल्यासारखा धरला जातो. पण खडक वरच असेल आणि त्यात भेगा नसतील, तर मुळे आडवी पसरतात आणि झाड नुसते मातीच्या चादरीवर उभे राहते.

आणखी एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. तेवढ्याच जाडीच्या भागाचा हिशेब केला, तर बारीक मूळ जाड मुळापेक्षा जास्त ताण सोसते. शंभर बारीक मुळांचा जुडगा एका जाड मुळापेक्षा माती चांगली धरतो. गवताला कमी लेखू नये, ते यासाठी.

उंच झाडी आहे, मग माती का जाते?

डोंगर हिरवा दिसतो म्हणून माती सुरक्षित आहे असे समजू नका. झाडाखाली उतरून जमीन पाहा. झाडांच्या उंच पानांवर पाणी साचते आणि मोठ्या थेंबांनी खाली पडते. खाली गवत आणि पालापाचोळा नसेल तर हे थेंब उघड्या पावसाइतकेच, कधी जास्त नुकसान करतात. सागाची मोठी पाने यासाठी प्रसिद्ध आहेत. नुसत्या सागाच्या लागवडीखाली पाला जाळला आणि गवत वाढू दिले नाही, तर मुळे उघडी पडलेली दिसतात.

पाला जाळणे आणि वणवा लागणे याचा फटका इथे बसतो. उन्हाळ्यात लागलेला वणवा मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत जमीन उघडी करून ठेवतो, आणि वर्षातले सर्वांत जास्त नुकसान त्याच सरी करतात. गवताचे गड्डे आगीतून वाचले तरी वरचे आच्छादन गेलेले असते.

झाड तोडल्यावर काय होते, हेही समजून घ्या. तोडल्या दिवशी उतार कोसळत नाही, म्हणून काही बिघडले नाही असे वाटते. पण जमिनीतली मुळे हळूहळू कुजतात. साधारण तीन वर्षांनंतर त्यांची पकड बरीच कमी झालेली असते आणि नव्या रोपांची मुळे अजून पुरेशी वाढलेली नसतात. तोडणीनंतरचा दहा-पंधरा वर्षांपर्यंतचा हा मधला काळ उतारासाठी सर्वांत धोक्याचा असतो. तोडणाऱ्याला आपल्या तोडीचा आणि नंतरच्या घसरणीचा संबंध लागत नाही, कारण मधे बरीच वर्षे गेलेली असतात.

यावर एक जुना उपाय नागालँडमध्ये पाहायला मिळतो. कोहिमा जिल्ह्यातील खोनोमा गावचे शेतकरी उतारावरच्या शेतात आल्डर नावाचे झाड राखतात. शेती करायच्या वर्षी ते झाड मुळासकट काढत नाहीत. बुंधा ठेवून वरच्या फांद्या छाटतात, सरपण मिळवतात आणि मधल्या जागेत पिके घेतात. मुळे जिवंत राहतात, माती धरतात, शिवाय या झाडाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. तुमच्याकडे आल्डर उगवणार नाही, पण गिरिपुष्प, शेवरी अशी छाटणी सोसणारी झाडे आहेत. सरपण आणि चारा हवा असेल तर फांद्या घ्या, बुंधा उभा ठेवा.

गवताने काय साधते : सुखोमाजरी

हरियाणातील शिवालिकच्या टेकड्यांत, चंदीगडपासून जवळ, सुखोमाजरी हे छोटे गाव आहे. १९५८ मध्ये चंदीगडसाठी बांधलेला सुखना तलाव गाळाने झपाट्याने भरू लागला. गाळ कुठून येतो याचा माग काढताना चंदीगडच्या मृद व जलसंधारण संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी या टेकड्यांपर्यंत पोहोचले. गुरे आणि शेळ्या चरून टेकड्या उघड्या पडल्या होत्या आणि ओघळी शेतांपर्यंत आल्या होत्या.

नुसती झाडे लावून चराई थांबणार नव्हती. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे मातीचे लहान बंधारे बांधले गेले आणि पाण्यात गावाला हिस्सा मिळाला. पाण्याच्या बदल्यात गावाने स्वतःहून टेकडीवर चराई बंद केली. कुंपण घालावे लागले नाही. मोकळे राखल्यावर भाबर गवत दाट वाढले. या गवताच्या दोऱ्या वळतात आणि कागद कारखान्यांतही ते वापरले जाते, त्यामुळे कापणीचे पैसेही मिळू लागले. गाळ कमी झाला तो या गवतामुळे, बंधाऱ्यांमुळे आणि चराईबंदीमुळे, तिन्ही मिळून.

महाराष्ट्रात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचे नियम ज्या गावांनी पाळले, त्यांचा अनुभव याहून वेगळा नाही. नियम ग्रामसभेचा असेल आणि त्यातून चारा किंवा पाणी प्रत्येक घरी पोहोचत असेल, तर तो टिकतो. भूमिहीन शेळीपालकाला त्यात काही मिळत नसेल, तर टिकत नाही, आणि त्याला दोष देऊनही उपयोग नाही. कापून नेण्याच्या चाऱ्यात त्याचा वाटा आधीच ठरवावा.

तुमच्या उतारावर काय लावाल?

आधी समतल रेषा आखून घ्या. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सुमारे दोन मीटरच्या दोन काठ्या वर एकत्र बांधा, मधे एक आडवी काठी बांधा आणि वरच्या टोकापासून दोरीला दगड लटकवा. दोन्ही पाय एका पातळीवर असताना दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. मग ही चौकट उतारावर एकेक पाऊल फिरवत न्या. दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत, तिथे खुंटी मारा. या खुंट्या जोडल्या की समतल रेषा मिळते. ओळ उभ्या उताराने लावली तर तीच पाण्याला वाट करून देते.

या रेषेवर लावायला वाळा हे फार चांगले गवत आहे. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन-चार मीटरपर्यंत. त्यामुळे शेजारच्या पिकाशी ओढाताण कमी होते. कर्नाटकात गुंडलुपेटच्या परिसरातले शेतकरी पिढ्यान्पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले आहेत. ठोंबाचे फुटवे वेगळे करून पावसाळ्याच्या सुरुवातीला १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर एका ओळीत लावा. एका ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत उंचीतला फरक एक ते दोन मीटर ठेवा. उतार जितका तीव्र, तितक्या ओळी जवळ. पहिल्या वर्षी नांग्या भरणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण ओळीत हातभर फट राहिली तर सगळे पाणी तिथूनच जोराने जाते. दोन-तीन वर्षांत ओळ दाट होते, वरून येणारी माती तिच्यामागे साठते आणि हळूहळू पायरी तयार होते.

इथे एक सावधगिरी. वाळ्याच्या मुळांना बाजार आहे, अत्तर आणि पडद्यांसाठी ती विकली जातात. मुळे विकायची असतील तर सपाट जागेत वेगळा वाफा करा. बांधावरचा वाळा खणून काढला तर उतार पूर्वीपेक्षा जास्त मोकळा होतो.

जिथे पीक घेत नाही अशा पडीक उतारावर मारवेल, पवना, डोंगरी गवत आणि स्टायलो यांचे बी टाकावे. पहिली दोन वर्षे जनावरे आत सोडू नयेत, चारा कापून न्यावा. ईशान्य भारतात आणि पूर्व हिमालयात केरसुणीचे गवत लावतात. ते उतारही धरते आणि विकलेही जाते. सह्याद्रीत कारवी आपोआप उगवते. ती साफ करून मग रोपे लावण्याचे काम कुणी सुचवले तर नकार द्या, कारण उगवलेली कारवी पुढे लावायच्या रोपांपेक्षा आजच जास्त माती धरून आहे. घाणेरीची झुडपे काढायची असली तरी सगळा उतार एकदम मोकळा करू नये. पट्ट्यापट्ट्याने काढावी आणि त्या पट्ट्यात लगेच गवत लावावे.

बांबूची मुळे वरच्या थरात दाट जाळे करतात, त्यामुळे ओढ्याच्या काठी आणि ओघळीच्या तोंडाशी बांबू उपयोगी पडतो. खोल खुंटीचे काम मात्र त्याच्याकडून फारसे होत नाही. आंबा, काजू, आवळा यांसारखी फळझाडे उतारावर लावताना झाडाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घाला आणि दोन ओळींच्या मध्ये गवत राखा. बाग स्वच्छ दिसावी म्हणून सगळे गवत खरवडून काढण्याची सवय उतारावर महाग पडते. बांध तासून गुळगुळीत करणे आणि शेजाऱ्याचा बांध कोरणे यांबद्दल वेगळे सांगायला नको. भांडण होते ते होतेच, मातीही जाते.

कोणत्या योजनेतून मदत मिळते?

प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेचा पाणलोट विकास घटक केंद्राच्या भूमी संसाधन विभागामार्फत चालतो. त्याचा दुसरा टप्पा २०२१-२२ पासून सुरू झाला. त्यात डोंगराळ आणि अवघड भागासाठी हेक्टरी २८,००० रुपये आणि इतर भागासाठी २२,००० रुपये असा खर्चाचा दर धरलेला आहे. ही रक्कम तुमच्या खात्यात येत नाही, ती संपूर्ण प्रकल्पाच्या कामांसाठी असते. काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे असते आणि त्यात गवत, झाडे, समतल चर, दगडी बांध, झऱ्यांचे संवर्धन हे सारे बसते. तुमचे गाव प्रकल्पात असेल तर ग्रामसभेने पाणलोट समिती नेमलेली असते. आराखडा तयार होत असतानाच समितीला सांगा की तुमच्या उतारावर गवताची ओळ हवी आहे. आराखडा मंजूर झाल्यावर त्यात भर घालणे अवघड जाते.

ग्रामीण रोजगार हमीतून मृद्संधारण आणि लागवडीची कामे सार्वजनिक जमिनीवर होतात, तशीच वैयक्तिक जमिनीवरही होतात. २००५ च्या कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे वैयक्तिक कामांसाठी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या व विमुक्त जमाती, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, स्त्री किंवा दिव्यांग व्यक्ती कुटुंबप्रमुख असलेली कुटुंबे, वनहक्कधारक आणि घरकुल लाभार्थी यांना आधी स्थान आहे, त्यानंतर अल्प व अत्यल्पभूधारक. जॉब कार्ड असावे लागते आणि घरातल्या किमान एकाने त्या कामावर मजुरी करावी लागते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे, म्हणून अर्जाच्या दिवशी कोणते नियम लागू आहेत ते ग्रामपंचायतीत किंवा रोजगार सेवकाकडे विचारून घ्या.

जमिनीचा पुरावा म्हणून महाराष्ट्रात सातबारा चालतो. तुम्ही दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथला उतारा द्या, उदाहरणार्थ कर्नाटकात पहाणी, उत्तर प्रदेशात खतौनी, हिमाचल आणि हरियाणात जमाबंदी. वनहक्क पट्टाही पुरावा म्हणून जोडता येतो.

अंदाजपत्रक वाचताना दोन गोष्टी नक्की पाहा. लागवडीनंतरच्या वर्षांची निगा, म्हणजे नांग्या भरणे, पाणी आणि राखण, त्यात धरली आहे का? आणि चर माणसांनी खणायचे आहेत की जेसीबीने? तीव्र उतारावर यंत्र चढवले तर ते चर काढता काढता आजूबाजूचे जुने गवत उखडते. मग चरात पहिल्याच पावसाळ्यात गाळ भरतो.

बांबूबद्दल अजून अनेकांना भीती आहे की लावला तर तोडायला वनखात्याची परवानगी लागेल. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढवलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला आहे. स्वतःच्या जमिनीवरचा बांबू त्यामुळे तोडता आणि विकता येतो. रोपांसाठीची मदत राष्ट्रीय बांबू अभियानातून मिळते, चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा.

ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिथल्या ग्रामसभेला २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार आपल्या जंगलालगतचे पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार आहे. वणवाबंदी, चराईचे नियम, गवत कापणीची पाळी हे ठराव ग्रामसभा करू शकते.

मुळे कुठे कमी पडतात?

लागवड केली म्हणजे दरड कोसळणार नाही, असे कोणीही तुम्हाला सांगितले तरी मानू नका. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी डोंगराखाली गाडली गेली. ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळमधील वायनाडमध्ये जी दरड सुटली, ती वर जंगलाने झाकलेल्या उतारातून सुटली होती. त्याआधीच्या दोन दिवसांत तिथे ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. इतके पाणी आत शिरले की माती आणि मुरूम खडकावरून सुटतात, आणि सरकण्याची पातळी मुळांच्या आवाक्याखाली असते. तेव्हा झाडेही मातीबरोबर खाली येतात.

म्हणून घर तीव्र उताराच्या पायथ्याशी असेल तर लागवडीबरोबर खुणांवरही लक्ष ठेवा. घराच्या वर जमिनीला नवी भेग पडणे, सरळ असलेली झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा बंद पडणे, भिंतीला तडे जाऊन दारे-खिडक्या घट्ट होणे, या सगळ्या खुणा जमीन हलत असल्याच्या आहेत. बुंधा खाली वाकून पुन्हा वर वळलेली झाडे दिसली, तर तो उतार वर्षानुवर्षे सावकाश सरकतो आहे असे समजावे. भेग दिसल्यास ती मातीने बुजवून प्लास्टिकने झाका, म्हणजे पाणी आत जाणार नाही, आणि लगेच तलाठी व ग्रामपंचायतीला कळवा. वरच्या चरांत पाणी साठत असेल तर तेही सांगा. घरांच्या वरच्या अस्थिर उतारावर पाणी मुरवणारे चर घेऊ नयेत, तिथले पाणी बाजूला काढून द्यावे.

दरडप्रवण भागांचे नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तयार केले आहेत. त्यांचे 'भूसंकेत' संकेतस्थळ आणि 'भूस्खलन' हे मोबाइल अ‍ॅप जुलै २०२४ मध्ये सुरू झाले. तुमची वाडी धोक्याच्या पट्ट्यात येते का, हे पावसाळ्याआधी ग्रामसभेत विचारा. येत असेल तर सुरक्षित जागी हलण्याची, तात्पुरत्या निवाऱ्याची आणि पुनर्वसनाची मागणी ठराव करून तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी पाठवा, पोच घ्या.

मुसळधार पावसात खुणा दिसल्या तर परवानगीची किंवा पंचनाम्याची वाट पाहू नका. उताराच्या वाटेतून बाजूला, ओढ्यापासून दूर जा. वर गुरे बांधलेली असतील तर दावी सोडून द्या. आपत्कालीन मदतीसाठी ११२ वर, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ वर फोन करता येतो.